मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म : इ.स. १५४८च्या सुमारास, मृत्यू : मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान, सेनापती आणि जवळजवळ पंचवीस वर्षे त्या राज्याचा खरा सूत्रधार होता. गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या हबशी पुरुषाने अकबर आणि जहांगीर या दोन मोगल बादशहांच्या फौजा गोदावरीच्या खोऱ्यात अडवून धरल्या. खडकी या गावी त्याने वसविलेली राजधानी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. गनिमी कावा, जमीन महसुलाची व्यवस्था आणि शहरासाठी बांधलेली नहर या तीन गोष्टींसाठी त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या लष्करी सामर्थ्याचा मोठा भाग मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता. घोडे, हत्यारे आणि माणसे सरदारांची व स्वारांची होती, आणि ती घेऊन ते चाकरीला येत. या व्यवस्थेने त्याला काय दिले व त्याच्याकडून काय घेतले, हे पाहिल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीतील चढउतार नीट समजत नाहीत.

पूर्वायुष्य

अंबरचा जन्म आफ्रिकेतील इथियोपियात, म्हणजे त्या वेळच्या हबसाणात झाला. त्याचे बालपणीचे नाव चापू असल्याचे सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला आणि अरबस्तानातील मोखा बंदर, बगदाद अशा ठिकाणी त्याची खरेदी-विक्री झाली. बगदादमधील मीर कासीम या धन्याने त्याला शिक्षण दिले. तेथेच त्याने इस्लाम स्वीकारला व त्याला अंबर हे नाव मिळाले. हिशेब आणि दरबारी कारभार यांची ओळख त्याला या काळात झाली असावी. तलवारीइतकाच लेखणीचा उपयोग जाणणारा सेनापती म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला, त्याचे मूळ या शिक्षणात शोधावे लागते.

इ.स. १५७०च्या दशकाच्या आरंभी तो दख्खनेत आला. निजामशाहीचा प्रधान चंगेझखान याने त्याला विकत घेतले. दख्खनच्या सुलतानी राज्यांत हबशी गुलामांना लष्करात मोठी मागणी होती. धनी मरण पावला की गुलाम बहुधा मोकळा होई आणि स्वतंत्र सैनिक म्हणून चाकरी शोधू लागे. १५७४च्या सुमारास चंगेझखानाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतर त्याचा विवाह झाला आणि त्याने बराच काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक हा किताबही त्याला तेथेच मिळाला, असे मानतात. १५९५ मध्ये तो विजापूर सोडून निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या पदरी राहिला. त्या वेळी त्याच्यासोबत सुमारे १५० स्वार होते.

निजामशाहीची पुनर्स्थापना

अंबर परतला त्याच वर्षाच्या अखेरीस शहाजादा मुराद याच्या नेतृत्वाखाली मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढविला आणि वऱ्हाड देऊन तह केला; पण १६०० मध्ये तिचा खून झाला व किल्ला मोगलांच्या हाती पडला. बालराजा बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. राजधानी व राजा दोन्ही गेल्यावर कागदोपत्री निजामशाही संपली होती.

राजधानीचा किल्ला पडला तरी मुलूख पडला नव्हता, ही गोष्ट अंबरने हेरली. मोगलांचा ताबा अहमदनगर व त्याच्या परिसरापलीकडे फारसा पोहोचला नव्हता आणि निजामशाहीचे सरदार, किल्लेदार, देशमुख आपापल्या ठिकाणी होते. विजापूरच्या आश्रयाला असलेला राजघराण्यातील अली नावाचा तरुण त्याने शोधून आणला, धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्यावर त्याला मुर्तझा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. राज्याच्या उत्तर भागात राजू दखनी हा दुसरा बलाढ्य सरदार त्याचा प्रतिस्पर्धी होता. काही वर्षे दोघे एकाच वेळी मोगलांशी आणि परस्परांशी लढत राहिले. १६०७ मध्ये अंबरने राजूचा पराभव केला. त्यानंतर राजधानी जुन्नरला व १६१० मध्ये दौलताबादला हलली. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही त्याने मोगलांकडून परत मिळविला.

मुर्तझाचे व अंबरचे संबंध मात्र बिघडले. राजाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीचा अपमान केला आणि त्यातून राजाला विष देण्यात आले, अशी हकीकत सांगितली जाते. १६१० मध्ये मुर्तझाच्या जागी बुऱ्हाण नावाचा लहान मुलगा गादीवर आला आणि सर्व सत्ता प्रधानाच्या हाती एकवटली. अंबर स्वतः कधी सुलतान झाला नाही. निजामशाही घराण्याच्या नावानेच कारभार चालविण्याचे पथ्य त्याने अखेरपर्यंत पाळले. परक्या देशातून गुलाम म्हणून आलेल्या माणसामागे दख्खनी, हबशी व मराठे सरदार उभे राहण्यासाठी मधे गादीचा आडपडदा असणे त्याला आवश्यक वाटले असावे.

फौज : पायगा, बारगीर आणि शिलेदार

इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१०च्या सुमारास नोंदविलेल्या माहितीप्रमाणे अंबरकडे सुमारे १०,००० हबशी व ४०,००० दख्खनी सैनिक होते. प्रवाशाने ऐकलेले हे आकडे तंतोतंत धरता येत नाहीत. तरीही फौजेचा मोठा भाग स्थानिक, त्यातही मराठा घोडेस्वारांचा होता याबद्दल मतभेद नाहीत. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशी घराणी आपापल्या पथकांसह निजामशाहीची चाकरी करीत. मोगल बखरकार या हलक्या स्वारांना बर्गी म्हणत.

दख्खनच्या घोडदळात स्वारांचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. ज्याला धन्याच्या पागेतील घोडा मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा, खोगीर आणि हत्यारे घेऊन येई तो शिलेदार. बारगिराला वेतन कमी, कारण दाणावैरण, नालबंदी व घोड्याची देखभाल पागेकडे असे. शिलेदाराचे वेतन अधिक, परंतु त्यातूनच त्याने घोडा पोसावा, मेल्यास नवा घ्यावा. मोठा सरदार स्वतःच्या पदरी बारगीर बाळगी; तेव्हा राज्याच्या दृष्टीने ते पथक सरदाराचे आणि सरदाराच्या दृष्टीने घोडा त्याचा, असे दुहेरी नाते निर्माण होई. पथकाच्या खर्चासाठी सरदाराला मुलूख तोडून दिला जाई.

खजिना आणि राजधानी दोन्ही गमावलेल्या राज्याला या व्यवस्थेचा फायदा उघड होता. हजारो घोडे विकत घेणे, पागा बांधणे, वर्षभर वैरण पुरविणे हे अंबरला १६०० मध्ये परवडण्यासारखे नव्हते. अरबी व इराणी घोडे समुद्रमार्गे येत आणि महाग पडत. शिलेदार मात्र आपल्या खोऱ्यात वाढलेले चिवट तट्टू घेऊन येई. त्याला त्या जनावराची खोड, दम आणि चाल ठाऊक असे. घाटवाटा, पाणवठे, नदीचे उतार त्याच्या रोजच्या माहितीतले होते. त्यामुळे अंबरला तयार साधन आणि ते वापरण्यात मुरलेला माणूस एकदमच मिळाला, शिकवणीचा काळ गेला नाही.

लढाईची पद्धतही या मालकीतून काही अंशी ठरली. घोडा मेला की शिलेदाराची उपजीविका मेली. अशा स्वाराला मोगलांच्या जड घोडदळावर व तोफांवर समोरून घालणे म्हणजे त्याला भांडवल उधळण्यास सांगणे होय. रसद तोडणे, चारा जाळणे, रात्री छावणीभोवती घिरट्या घालणे, पिछाडीचे बैल व बुणगे लुटणे आणि शत्रू वळताच पांगणे या कामांत मात्र घोडा वाचतो आणि लुटीचा वाटाही मिळतो. गनिमी काव्याचे श्रेय केवळ डोंगराळ प्रदेशाला किंवा सेनापतीच्या बुद्धीला दिले जाते. त्यात स्वाराच्या स्वतःच्या हिशेबाचाही वाटा होता.

१६१२ची मोहीम हे या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. जहांगीरने दोन बाजूंनी फौजा पाठविल्या. गुजरातकडून अब्दुल्लाखान नाशिकमार्गे आणि वऱ्हाडकडून दुसरी फौज, अशी ती योजना होती. दोन्ही फौजांनी एकाच वेळी दौलताबादजवळ यावे असे ठरले असता अब्दुल्लाखान श्रेयाच्या लोभाने एकटाच पुढे आला. अंबरच्या स्वारांनी त्याला वाटेत अडविले नाही. त्यांनी त्याला आत येऊ दिले आणि मग दररोज थोडेथोडे तोडत नेले. दौलताबादच्या परिसरातून तो माघारी फिरला तेव्हा पाठलाग बागलाणच्या सीमेपर्यंत झाला. ते ऐकून वऱ्हाडची फौजही परतली. छत्रपती संभाजीनगरातील भडकल दरवाजा याच विजयाच्या स्मरणार्थ बांधल्याचे सांगितले जाते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू चार वर्षांत दिसली. घोडा आणि पथक ज्याचे त्याला रुसून जाणे सोपे असते. अंबरच्या वर्चस्वाला कंटाळलेले काही सरदार १६१५-१६ च्या सुमारास बाळापूर येथे मोगल सेनापती शाहनवाजखान याला जाऊन मिळाले. त्यांत याकूतखान व आदमखान यांच्यासारखे सरदार होते, तसेच मराठा सरदारही होते. त्यांच्यासोबत केवळ तलवारी गेल्या नाहीत. अंबरच्या वाटा, मुक्काम आणि हल्ल्याच्या रीती यांची माहितीही गेली. त्यानंतर आजच्या जालना जिल्ह्यातील रोषणगाव येथे १६१६ मध्ये अंबरचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. सहा वर्षांपूर्वी वसविलेले शहर राखेत गेले. सिंदखेडचे लखुजी जाधव यांच्यासारखा प्रमुख सरदारही मोगलांकडे गेला आणि १६२४च्या भातवडीच्या लढाईत तो अंबरच्या विरुद्ध बाजूस होता.

स्वाराच्या खासगी घोड्यावर सरकारी नियंत्रण कसे ठेवावे, हा प्रश्न दख्खनपुरता नव्हता. देवगिरीवर स्वारी करणाऱ्या अलाउद्दीन खलजीने दिल्लीत घोड्यांना डाग देण्याची व स्वारांची वर्णने नोंदविण्याची रीत घातली होती. अकबराने १५७०च्या दशकात ती पुन्हा अमलात आणली. घोड्याच्या मांडीवर डाग, स्वाराच्या चेहऱ्याची नोंदवहीत नोंद आणि ठरावीक काळाने हजेरी, असा तो बंदोबस्त होता. हजेरीच्या दिवशी उसना घोडा दाखवून वेतन घ्यायचे आणि लढाईला मरतुकडे तट्टू आणायचे, ही लबाडी त्यामुळे पकडता येई. डागामुळे घोडा मोजता येतो, स्वाराची निष्ठा मात्र मोजता येत नाही, हे मोगलांनाही अनुभवाने कळले.

आजच्या कार्यालयांत कर्मचाऱ्याने स्वतःचा मोबाइल किंवा टॅबलेट कामासाठी वापरावा की कचेरीने तो पुरवावा, हा वाद चालतो तेव्हा त्याच्या मुळाशी जवळपास हेच मुद्दे असतात. स्वतःचे उपकरण आणणारा कर्मचारी ते सराईतपणे वापरतो, धन्याचा खरेदीचा खर्च वाचतो आणि काम कचेरीबाहेरही चालते. पण उपकरण बिघडले तर भुर्दंड कोणी सोसायचा, त्यात साठलेली कचेरीची माहिती कोणाची आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्यासोबत काय काय जाते, हे प्रश्न उरतात. उपकरणाची नोंदणी करणे, कामाचा भाग सांकेतिक कुलपाने खासगी भागापासून वेगळा ठेवणे आणि माणूस जाताच तेवढाच भाग दुरून पुसून टाकणे असे उपाय संगणक विभाग योजतात. नोंदणी हा आधुनिक डागच म्हणावा लागेल. फरक इतकाच की अंबरला रुसलेल्या सरदाराच्या डोक्यातील घाटवाटा दुरून पुसता येत नव्हत्या. ही तुलना फार ताणू नये. बारगीर होणे की शिलेदार राहणे ही निवड त्या काळी उपजीविकेची आणि प्रतिष्ठेचीही होती. स्वतःच्या घोड्यावर बसणारा स्वतःला चाकर कमी आणि भागीदार अधिक समजे.

अंबरच्या नंतरच्या पिढीने या अनुभवातून वेगळा मार्ग धरला. शिवाजी महाराजांनी घोडदळात पागेला, म्हणजे सरकारी घोड्यांना व बारगिरांना प्राधान्य दिले आणि शिलेदारांची पथके पागेच्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवली. पेशवाईत शिलेदारांचे महत्त्व पुन्हा वाढले. हीच पद्धत पुढे इंग्रजांच्या हिंदी घोडदळात सिल्लेदार रिसाले या नावाने पहिल्या महायुद्धापर्यंत टिकून राहिली. दूरच्या आघाड्यांवर हजारो घोड्यांची भरती करण्याची वेळ आली तेव्हा स्वाराच्या खिशावर चालणारी ही व्यवस्था कोलमडली आणि युद्धानंतर ती बंद करण्यात आली.

शहाजहानच्या मोहिमा आणि भातवडी

रोषणगावनंतर जहांगीरने शहाजादा खुर्रम याला दख्खनेत पाठविले. १६१७ मध्ये अंबरला बालाघाटाचा मुलूख व अहमदनगरचा किल्ला सोडावा लागला. या यशाबद्दल खुर्रमला शहाजहान हा किताब मिळाला. शहाजादा उत्तरेस परतताच अंबरने तह मोडला. १६२१ मध्ये शहाजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा तह झाला. गमावलेला मुलूख मोगल सेनापतींच्या आपसातील भांडणांचा लाभ घेऊन परत मिळवायचा, हा अंबरचा ठरलेला क्रम होता. पुढे शहाजहानच बापाविरुद्ध बंड करून उठला आणि अंबरची मदत मागू लागला.

१६२४ मध्ये विजापूरकर मोगलांना मिळाले. दोन बलाढ्य राज्यांची संयुक्त फौज अहमदनगरजवळ भातवडी येथे आली. पावसाळा नुकताच सरला होता. अंबरने तेथील तलावाचे पाणी फोडून शत्रूच्या तळाकडे सोडले, त्यामुळे जमीन चिखलाची झाली आणि तोफा व जड सामान हलेनासे झाले. रात्रीचे छापे व उपासमार यांनी तळ खचल्यावर त्याने निर्णायक हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि मोगल सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजे भोसले व त्यांचे बंधू शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात या युद्धाचे सविस्तर वर्णन आहे.

भातवडीनंतर अंबरने विजापूरजवळील नवरसपूर लुटले व सोलापूर घेतले. ही त्याच्या सत्तेची परमावधी होती. परंतु विजयानंतरही जुने दुखणे सुटले नाही. मान व वाटणी यांवरून बिनसल्यावर शहाजीराजे १६२५च्या सुमारास आपल्या पथकासह आदिलशाहीत गेले. ज्याच्या बळावर लढाई जिंकली तो सरदार वर्षभरात शत्रूच्या चाकरीत असावा, हे त्या काळात नवलाचे नव्हते आणि त्याला कोणी द्रोहही म्हणत नसे.

महसूल व्यवस्था

फौजेच्या बाबतीत अंबर इतरांच्या साधनांवर अवलंबून होता. जमिनीच्या बाबतीत त्याने उलट दिशा धरली. इजारा म्हणजे महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने बंद केली. मक्तेदार रयतेकडून वाटेल तेवढे काढी आणि सरकारात ठरलेलाच आकडा भरी. त्याऐवजी जमिनीची प्रत पाहून व प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्यात येऊ लागला. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांवर वसुलीची जबाबदारी आली व त्यांचे वतनी हक्क मान्य झाले. आरंभी उत्पन्नाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई आणि पुढे त्याऐवजी सुमारे एक तृतीयांश किमतीची रोख रक्कम ठरविण्यात आली, असे इतिहासकार सांगतात. जमीन कसणाऱ्याच्या मिरासी हक्काला त्याने मान्यता दिल्याने पडीक जमिनी लागवडीखाली आल्या.

मलिकंबरी धारा हे नाव त्याच्या मृत्यूनंतरही महाराष्ट्रातील महसुली कागदपत्रांत टिकून राहिले. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागिरीत केलेल्या व्यवस्थेवर या पद्धतीचा प्रभाव होता, असे मानले जाते. वारंवार जळणाऱ्या मुलखातून वर्षानुवर्षे फौजेचा खर्च निघत राहिला, याचे स्पष्टीकरण भातवडीपेक्षा या धाऱ्यात अधिक सापडते. अंबरवरील लोकप्रिय लेखनात मात्र लढायांना जितकी पाने मिळतात तितक्या ओळीही या विषयाला मिळत नाहीत.

खडकी आणि नहर-ए-अंबरी

दौलताबादजवळील खडकी या गावी अंबरने १६१० मध्ये नवी वस्ती उभारली. नौखंडा महाल, काळी मशीद, जामा मशिदीचा मूळ भाग आणि भडकल दरवाजा ही त्याच्या काळातील बांधकामे मानली जातात. सरदारांना व त्यांच्या पथकांना वस्तीसाठी पुरे देण्यात आले. पथके आपापल्या वतनाकडे पांगण्याऐवजी राजधानीच्या नजरेखाली राहावीत, हा त्यामागचा एक हेतू असू शकतो.

खडकीचा खाम नदीकाठचा परिसर खडकाळ. वाढत्या वस्तीला तेथील विहिरी पुरणाऱ्या नव्हत्या. अंबरने उत्तरेकडील हर्सूल परिसरातील डोंगरउतारावरील भूजल भूमिगत नळांनी शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिचे काम १६१७-१८ च्या सुमारास झाले असे समजतात. यात पंप किंवा रहाट नाही. पाणी केवळ उताराच्या जोरावर वाहते. जमिनीखालच्या बोगद्यावर ठरावीक अंतराने मनोरे व विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. त्यांतून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि पाण्याचा दाब आटोक्यात राहतो. इराण व मध्यपूर्वेतील कनात पद्धतीशी तिचे साम्य आहे. ही योजना मांडली गेली तेव्हा दरबारात तिची थट्टा झाली होती, अशी आख्यायिका आहे. पुढील शतकांत याच तंत्राने शहरात आणखी अनेक नहरी झाल्या. प्रसिद्ध पाणचक्की अंबरची नाही. ती अठराव्या शतकातील असून तिला वेगळ्या नहरीचे पाणी मिळते. पर्यटकांच्या माहितीत ही सरमिसळ नेहमी आढळते.

१६१६ व १६२१ या दोन्ही वेळी शहर जळाले. जमिनीखालची नहर मात्र वस्तीबरोबर नष्ट झाली नाही, आणि लोक परतले.

जहांगीरचा द्वेष

जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख बहुतेक वेळा शिव्यांसह व त्याच्या वर्णावरून केला आहे. त्याच्या दरबारातील अबुल हसन या चित्रकाराने १६१६च्या सुमारास काढलेल्या चित्रात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना दिसतो. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर अंबरला प्रत्यक्ष कधीच भेटला नाही. अंबरच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकार मुतमदखान याने मात्र त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळेपणाने स्तुती लिहून ठेवली.

डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक हा १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. त्याच्या लेखनातून अंबरचे रूप, छावणीतील शिस्त आणि रस्त्यांवरील सुरक्षितता यांची माहिती मिळते.

मृत्यू आणि नंतर

मे १६२६ मध्ये, वयाच्या सुमारे ऐंशीव्या वर्षी, अंबरचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याने स्वतःच्या हयातीतच बांधून घेतलेल्या घुमटाच्या कबरीत त्याचे दफन झाले. पत्नी बीबी करीमा हिची कबरही जवळच आहे.

त्याचा मुलगा फतेहखान प्रधान झाला, पण बापाप्रमाणे सरदारांना धरून ठेवणे त्याला जमले नाही. निजामशहाने १६२९ मध्ये परत आलेल्या लखुजी जाधवांना दौलताबादच्या दरबारात मुलांसह ठार मारविले, तेव्हा उरलेल्या मराठा पथकांचा विश्वासही उडाला. १६३३ मध्ये फतेहखानाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी आणखी एका बालराजाला गादीवर बसवून अंबरचाच डाव पुन्हा मांडून पाहिला. १६३६ मध्ये तोही संपला आणि निजामशाहीचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला.

खडकीला फतेहखानाच्या नावावरून काही काळ फतेहनगर म्हणत. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिले व येथे आपले ठाणे केले. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. अंबरच्या नहरीची काही तोंडे व मनोरे जुन्या शहराभोवती अजून दिसतात. बरीचशी मात्र रस्ते आणि इमारतींखाली गेली आहेत.